खराटा खाली ठेवायची घाई करू नका

पत्र

ताई,

मी 48 वर्षांचा आहे, डोंबिवलीला राहतो, नोकरी करतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी एकटी राहायची. गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या आधीच, तीही गेली. दिवसकार्य आटोपून आम्ही दोघा भावांनी घराला कुलूप लावलं, ते उघडलं थेट शिमग्याला. दुःखाचं वर्ष, त्यामुळे यंदा आमच्याकडे पालखीची पूजा नव्हती. पण पालखी आमच्या दारावरूनच पुढे जाते. निदान अंगण तरी झाडलेलं असावं म्हणून मी चार दिवस आधी एकटाच गेलो.

खरं तर आईची खोली आवरायची असं ठरवून गेलो होतो. कपाट, ट्रंक, कागदपत्रं. पण घरात शिरलो की जीव घाबरा व्हायचा. म्हणून बाहेर आलो आणि झाडायला लागलो. पातेरा, म्हणजे गळलेला पाला, गुडघ्याएवढा साठला होता. चारही दिवस तेच केलं. त्यानंतरही दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या गाडीनं जातो, दोन दिवस अंगण, मागचं परस, विहिरीकडची बाजू करतो आणि परत येतो. आईची खोली अजून तशीच आहे.

बायको म्हणते, दोन गडी लावले तर एका दिवसाचं काम, तुम्ही तिथे लपून बसता. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, अंगणभर पेव्हर ब्लॉक घालू, दरवर्षीची कटकट नको. शेजारचे काका म्हणतात, काडी लाव, तासाभरात मोकळा होशील. अंगणातला चाफा वाळलाय, तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्यात. विहिरीकडच्या कोपऱ्यात सरळ ओळीत कसलीतरी लांब पानं वाळून आडवी पडली होती. त्यातली थोडी उपटली तर हाताला उग्र वास आला. ओळखीचा वाटला, पण कशाचा ते आठवेना. का कोण जाणे, तेवढा कोपरा तसाच सोडला.

आणखी एक, जे कुणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी झाडता झाडता मी शीळ घालत होतो. दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काकूंनी वळून बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. आई जाऊन वर्ष झालं नाही आणि मी तिच्या अंगणात शीळ घालतोय. फार लाज वाटली. मी शोक करतोय की पळ काढतोय?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी त्या विहिरीकडच्या कोपऱ्याविषयी बोलू. पुढच्या खेपेला तिथे कुदळ घालण्याआधी हे वाचा.

लांब पानं, पावसाळ्यानंतर पिवळी पडून आडवी झालेली, हाताला उग्र वास. ही हळद असावी. खात्री करायची तर हातानं माती उकरून एक तुकडा काढा आणि मोडून बघा. आत गडद केशरी निघालं तर हळद. फिकट पिवळं निघालं आणि कैरीसारखा वास आला तर आंबेहळद. कोकणात बहुतेक परसांत हळदीचा असा एक पट्टा असतो, आणि तो मुख्यतः गड्ड्यांसाठी नसतो, पानांसाठी असतो. नागपंचमीला, गणपतीत पातोळे करायचे तर हळदीचं पान लागतं. पानावर तांदळाचं पीठ थापायचं, गूळखोबऱ्याचं सारण घालायचं, पान दुमडून वाफवायचं. मग झाकण काढलं की जो वास घरभर होतो, तोच तुमच्या हाताला आला असणार. तुम्ही तो लहानपणापासून घेत आलात. फक्त तो चुलीपाशी घेतलात, मातीत कधी घेतला नाही, म्हणून नाव आठवलं नाही.

हळदीचे गड्डे लावायचे दिवस म्हणजे अक्षय्य तृतीया ते मृगाच्या आसपास. श्रावणात पान हाताएवढं रुंद होतं. म्हणजे ही ओळ तुमच्या आईनं गेल्या वैशाख-ज्येष्ठात लावली असेल, आणि पानं कापायच्या दिवसांत ती नव्हती. यंदा कुणी ती पानं कापलीच नाहीत. कदाचित आदल्या वर्षी जमिनीत राहिलेले गड्डेही त्यात फुटले असतील, हळद तशी फुटते. पण तुम्ही लिहिलंय, सरळ ओळीत होती. आपोआप उगवलेली हळद ओळ धरत नाही.

पानं वाळली म्हणजे पीक गेलं असं तुम्हाला वाटलं असेल. हळदीत उलटं असतं. पावसाळाभर पानांनी जे कमावलं ते सगळं वाळता वाळता खाली गड्ड्यात उतरतं. पान उभं आहे तोवर हळद तयार नसते. लावल्यापासून आठ-नऊ महिन्यांनी पाला पूर्ण वाळला की ती काढायची. ते दिवस तुमच्या हातून थोडे मागे पडलेत, पण बिघडलं काही नाही. वळीव पडून गड्ड्यांना कोंब यायच्या आत काढा. आदल्या संध्याकाळी जरा पाणी शिंपडा, जमीन मऊ होईल. कुदळ ओळीपासून वीतभर लांब मारा, जवळ मारलीत तर गड्डे चिरतात. मधला मोठा, गोलसर निघतो तो जेठा गड्डा, आणि त्याला फुटलेली बोटं म्हणजे हळकुंडं. जेठे गड्डे बियाण्याला बाजूला ठेवा, सावलीत, वाळूत किंवा त्याच्याच वाळल्या पानांत झाकून. हळकुंडं धुऊन उकडायची. काडी टोचल्यावर सहज आत गेली की झालं. मग स्वच्छ झाडलेल्या अंगणात दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवायची, खणखणीत वाजेपर्यंत. तुम्ही दोनच दिवस असता, तेव्हा वाळवणाची राखण काकूंवर सोपवा. त्या तुमची शीळ ऐकतात म्हणजे कावळेही हाकलतील.

हळद उकडायला मोठा टोप लागेल. तो घरात आहे, कदाचित माळ्यावर. जेठे गड्डे ठेवायला कोरडी जागा लागेल, तीही घरातच. या गोष्टीकडे पुढे परत येऊ.

आता शीळ. तुमच्या पत्रातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुमच्या आईनं किती वर्षं त्या अंगणात खराटा फिरवला असेल. ती काय मुक्यानं झाडत होती? पहाटे कुणी ऐकत नसताना ती काहीतरी गुणगुणत असणारच. ज्या अंगणात माणूस रोज वावरला तिथे त्याच्या पश्चात फक्त रडायलाच जायचं, असा नियम मला कुठे सापडला नाही. दुःख एकसारखं चोवीस तास टिकत नाही, ते मधे मधे श्वास घ्यायला थांबतं. खराट्याची एक लय असते. अर्धवर्तुळ, पाऊल मागे, पुन्हा अर्धवर्तुळ. अर्धा तास ती धरली की श्वास तिच्या चालीवर येतो, आणि तुमच्या ओठांवर शीळ येते. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा तुमचं शरीर सैल झालं. काकूंनी वळून बघितलं ते रागानं, असं तुम्ही गृहीत धरलंत. मला वाटतं, इतके दिवस बंद असलेल्या घरातून माणसाचा आवाज आला, म्हणून त्या वळल्या. विचारून बघा त्यांना.

तुम्ही पळ काढताय का? थोडासा, हो. पण बरोबर जागी पळालात. आईची ट्रंक उघडली की प्रत्येक वस्तू निर्णय मागते. ही साडी कुणाला, हा चष्मा ठेवायचा की टाकायचा, या चिठ्ठ्या वाचायच्या का. एकेक निर्णय डोंगराएवढा. अंगणातही निर्णयच असतात. हे उपटायचं, हे ठेवायचं, याला आळं करायचं, हे अजून कळत नाही म्हणून राहू दे. पण ते हाताएवढे असतात. दिवसाला दोनशे होतात आणि संध्याकाळी पाठ दुखते, एवढंच. ठेवायचं काय आणि सोडायचं काय, याची तुम्ही तालीम करताय. तो हळदीचा कोपरा तुम्ही ‘अजून कळत नाही’ म्हणून राखलात, ते याच तालमीमुळे. गडी लावले असते तर त्यांनी अर्ध्या तासात ती ओळ साफ केली असती. त्यांचा दोष नव्हता, त्यांना सांगितलेलंच तेवढं असतं.

मी तेच करून बसले आहे, म्हणून हे इतक्या हट्टानं सांगते. सासूबाई गेल्या तेव्हा आम्हाला घर भाड्यानं द्यायचं होतं आणि घाई होती. माघात माणसं लावून दोन दिवसांत पुढचं अंगण सपाट करून घेतलं, फरशी बसवली. पायरीजवळची उघडी माती बघून गवंड्यानं विचारलंही होतं, इथे काही आहे का? मी म्हटलं, काही नाही. नंतर चैत्रात एकदा शेजारच्या अंगणात भुईचाफा उमललेला दिसला आणि मी दारातच उभी राहिले. भुईचाफ्याला आधी फूल येतं, पान मागून. थंडीत तो जमिनीवर दिसतच नाही. सासूबाई दरवर्षी त्या उघड्या मातीवर पाणी मारायच्या आणि मला वाटायचं, धूळ बसवतायत. ती फरशी अजून तशीच आहे.

तेव्हा तुमच्या अंगणातल्या ‘मेलेल्या’ झाडांबद्दल. चैत्रात कोकणात कुठल्याही उघड्या झाडाला मेलेलं म्हणायचं नाही. चाफा पानं टाकून नुसत्या जाड बोटांसारखा उभा असतो आणि त्याच अवस्थेत फुलतो. काटेसावर, पांगारा पानांशिवाय फुलतात. कोसंबाला तर भर उन्हात तांबडी लाल पालवी येते. आपल्याकडची कितीतरी झाडं पावसाची वाट न बघता पालवतात, जमीन सगळ्यात कोरडी असते तेव्हा, खोडात साठवलेल्या आणि मुळांनी खोलातून ओढलेल्या पाण्यावर. आणि टाकलेल्या पानांतून झाडानं आधी कामाचं बरंचसं काढून घेतलेलं असतं. पान पिवळं पडतं ते त्यामुळे, मगच देठाशी सांधा सुटतो. शंका असेल तिथे फांदीची साल नखानं जराशी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर खाली सरकून पुन्हा बघा, बुंध्यापर्यंत. वरून मेलेली फांदी खालून जिवंत असू शकते. चाफ्याची काही फांदी खरंच मेली असेल तर तेवढीच उतरवा, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

तुळस मात्र गेली असेल. पाण्यावाचून सहा महिने ती तगत नाही. पण काड्यांवर वाळलेल्या मंजिऱ्या असतील, त्या तळहातावर चोळा, काळं बारीक बी पडेल. ते वृंदावनाच्या मातीत टाकून वर अगदी चिमूटभर माती भुरभुरा. तुम्ही पंधरा दिवसांनी जाता, म्हणून आत्ता टाकू नका. पाऊस लागायच्या बेतात टाका, पुढचं पाणी पाऊस घालेल. एका मंजिरीतूनही डझनभर रोपं येतात.

पातेरा जाळू नका. काकांचा सल्ला अगदी निराधार नाही. आपल्याकडे भाताच्या तरव्यावर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, पातेरा, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), शेण पसरून भाजावळ करायची पद्धत पिढ्यान् पिढ्यांची आहे. पण ती तरव्याच्या तुकड्यापुरती, माणसं उभी ठेवून केलेली. बंद घराच्या अंगणात, चैत्राच्या वाऱ्यात, एकट्या माणसानं काडी लावायची नाही. दरवर्षी या दिवसांत कोकणात आंब्या-काजूच्या बागा वणव्यात जातात, आणि बऱ्याचदा सुरुवात अशाच कुठल्यातरी ढिगापासून झालेली असते. शिवाय तो पातेरा तुम्हाला लागणार आहे. माडाला चारी बाजूंनी हात-दोन हात अंतर सोडून आळं करा, त्यात नारळाची सोडणं (वरची सालं) पालथी घाला आणि वर पातेरा पसरा. आंब्याच्या कलमांच्या बुंध्याभोवतीही तसंच, फक्त खोडाला चिकटवू नका. उन्हाळाभर ओल टिकेल आणि जूनमध्ये पहिल्या झडीला उघडी तांबडी माती वाहून जाणार नाही. उरलेल्याचा मागच्या बाजूला, घरापासून लांब, एक ढीग करा, मधे मधे शेणकाल्याचे हबके मारा. पुढच्या शिमग्यापर्यंत खालचा थर मातीसारखा होईल.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते, कारण तुम्ही एकटे असता. गुडघ्याएवढ्या पातेऱ्यात हात घालायचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राहून फुरशाला, त्या विषारी सापाला, विसरायचं नाही. ते वीत-दीड वीत लांब, मातकट, पाचोळ्याच्या रंगाचं असतं आणि दिसत नाही. पायात गमबूट, हातात जाड मोजे, ढीग आधी लांब काठीनं हलवायचा, मग खराटा किंवा दाताळं. गडग्याचा दगड उचलाल तर विंचू असणार असं धरूनच उचला. लाल विंचवाचा दंश एके काळी कोकणात माणसं घ्यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं, तेव्हापासून चित्र पालटलं. पण त्यासाठी वेळेत दवाखान्यात पोचावं लागतं. साप असो की विंचू, मांत्रिकाकडे नाही, चिरा देणं नाही, करकचून दोरी बांधणं नाही. सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात. गावी असाल तेव्हा खुशालीचा निरोप रोज काकूंना आणि घरी देत जा.

पत्नीशी तुमचा वाद आहे असं मला वाटत नाही. त्या निम्म्या बरोबर आहेत. माडावर चढायचं काम पाडेल्याचं आहे, तुमचं नाही. कौलं परतून घ्यायची असतील तर वैशाखात माणूस लावा, पाऊस तोंडावर आला की कुणी मिळत नाही. विहिरीचा गाळ तुम्ही एकट्यानं काढू नये. ही कामं पैसे देऊन करून घ्या आणि खराटा तुमच्याकडे ठेवा. ‘लपून बसता’ हा शब्द तुम्हाला लागला, पण त्यामागे दर पंधरवड्याला रिकामं होणारं घर आहे. त्यांना एकदा सोबत न्या. कामाला नका नेऊ, वाळवण बघायला न्या. आणि तुमच्या पत्रात जी ओळ फक्त मला लिहिलीत, शिळेची, ती त्यांना सांगा. ती ऐकायचा हक्क माझ्याआधी त्यांचा होता.

भावाकडे मी जरा थांबून बघते. पेव्हर ब्लॉक म्हटलं की आपल्याला राग येतो, अंगणावर कुणी सिमेंट ओततंय असं वाटतं. पण तो काय म्हणतोय ते ऐका. घर वर्षातले बहुतेक महिने बंद राहणार. गवत माजणार, पायरीपर्यंत साप-जनावर येणार, आणि दरवर्षी कुणाला तरी येऊन हे करावं लागणार. तो ‘कटकट’ म्हणतो, कारण तो येईल तेव्हा त्यालाही त्या दारातून आत शिरावं लागणार आहे. तुम्ही बाहेर राहून ते टाळलंत, तो पुण्यात राहून टाळतोय. आई त्याचीही होती.

त्याला म्हणा, एक वर्ष थांबू. वर्षश्राद्ध होऊ दे, एक पावसाळा जाऊ दे, अंगणातून काय काय वर येतं ते बघू. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अख्खं अंगण फरसबंद केलं तर ते पाणी कुठे जाईल, विहिरीला काय मिळेल, हा साधा हिशेबही पावसाळा बघितल्याशिवाय मांडता येत नाही. आणि मधला मार्ग आहेच. बेड्यापासून, म्हणजे अंगणाच्या फाटकापासून, पायरीपर्यंत जांभ्या चिऱ्यांची वाट करा, दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद. पायरीच्या दोन्ही बाजूंना चार हात जागा फरसबंद करा, म्हणजे दारात गवत येणार नाही. बाकी माती राहू दे. त्यात त्याची अडचणही सुटते. पण हे फोनवर ठरवू नका. हळद काढायच्या दिवशी त्याला बोलवा. दोन भाऊ कुदळ घेऊन एका ओळीच्या दोन टोकांनी आत येत गेले तर बोलायला वेगळं निमित्त लागत नाही.

राहिली आईची खोली. तिथे जायची तारीख मी तुम्हाला देणार नाही. पण घर सगळं एकसारखं अवघड नसतं. मघाशी म्हटलं, टोप घरात आहे. तो आणायला स्वयंपाकघरात जा, फक्त तेवढ्यासाठी. खिडकी उघडा. तिथे मिसळणाचा डबा असेल, त्यातली हळद बहुधा परसातलीच, आदल्या वर्षीची. ती बघा, हवी तर बोटाला लावून बघा. मग टोप घेऊन बाहेर या. पुढच्या खेपेला जेठे गड्डे ठेवायला कोठीच्या खोलीत जावं लागेल. त्याच्या पुढच्या खेपेला पाऊस जवळ आलेला असेल आणि ट्रंकेतले कपडे ओल धरतील, तेव्हा ती उन्हात टाकायला अंगणात आणावी लागेल. तेव्हा खोलीत बसून उघडू नका. तुम्हीच झाडलेल्या अंगणात, सकाळच्या उन्हात, चटईवर उघडा. साड्या वाळवणासारख्या पसरा. काय ठेवायचं ते त्या दिवशी ठरलं नाही तर संध्याकाळी घडी घालून परत आत ठेवा. ‘अजून कळत नाही’ हे उत्तर अंगणात चाललं, ते तिथेही चालेल.

एवढं मात्र बघा. डोंबिवलीला परतल्यावर झोप लागत नसेल, जेवण उतरत नसेल, कामात मन अजिबात ठरत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालत असेल, तर डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. शीळ घालणाऱ्या माणसाची मला फारशी काळजी वाटत नाही.

अक्षय्य तृतीयेला गावी जमलं तर त्याच कोपऱ्यात पुन्हा ओळ धरा. गड्डे एकमेकांपासून वीत-सव्वा वीत अंतरावर, बोटभर खोल, डोळा वर करून, आणि वर पातेऱ्याचं पांघरूण. पाऊस लागेपर्यंत काकूंना अधूनमधून तांब्याभर पाणी घालायला सांगा. गणपतीत पानं तयार असतील. पातोळ्याच्या पिठाचं तुमच्या आईचं प्रमाण लिहिलेलं नसेल, पण काकूंनी तिच्याबरोबर कधीतरी पानं दुमडली असतीलच, त्यांना विचारून ठेवा. दोन जेठे गड्डे भावाला द्या. पुण्यात बाल्कनीतल्या कुंडीतही हळद होते, फक्त कुंडी वीतभर तरी खोल हवी आणि खाली पाणी निघून जायला भोक हवं.